रेडिओ आणि संगणकाची जोडणी : आधी कान, मग हात, शेवटी तोंड



आजचा पाठ पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पण ध्वनी, विद्युतधारा, संगणक, अक्षांश-रेखांश, दशमान पद्धत हे जे आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतो, ते सगळं या एका विषयात एकत्र येतं. विषय आहे हौशी रेडिओचा संच, म्हणजे हॅम रेडिओ, संगणकाला जोडण्याचा.

सुरुवात मात्र रेडिओपासून नको, दूध संकलन केंद्रापासून करू. आमचं घोडेगाव म्हणजे नेवासा तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं. (आंबेगाव तालुक्यात दुसरं घोडेगाव आहे, ते हे नव्हे.) आमच्याकडच्या गावांत सकाळ-संध्याकाळ मुलं किटली घेऊन डेअरीवर जातात. दूध काट्यावर ठेवलं की वजन संगणकात दिसतं. नमुना मशीनमध्ये गेला की फॅटचा आकडा येतो. मग पावती बाहेर पडते. वर्गात मी विचारलं, "तो आकडा संगणकात टाईप कोण करतं?" मुलं म्हणाली, "कुणीच नाही सर, आपोआप येतो."

आपोआप काहीच येत नाही. काट्याच्या किंवा मशीनच्या मागून एक तार निघते आणि संगणकात जाते. बहुतेक ठिकाणी ती सिरीयल पोर्टची तार असते, किंवा आता यूएसबीची. बाजारात कांद्याची गाडी मोजणारा मोठा इलेक्ट्रॉनिक काटाही बऱ्याचदा असाच बोलतो. रेडिओ जोडायची तार हीच. ती कळली तर डेअरीची पावती कळते, काटा कळतो आणि दहा हजार किलोमीटरवरून आलेला रेडिओ संदेशही कळतो.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

आकाशवाणीचा रेडिओ फक्त ऐकतो. हौशी रेडिओचा संच ऐकतो आणि बोलतोही, म्हणून त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. तो वापरायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परीक्षेला बसण्याचं किमान वय १२ वर्षं आहे. म्हणजे आपला सातवीतला मुलगा किंवा मुलगी परीक्षेला बसू शकते. परवाना मिळाला की प्रत्येकाला स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. आपल्या देशातली ही नावं बहुधा व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. जगात त्या नावाची दुसरी व्यक्ती नसते.

हा नुसता छंद नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवायला हौशी रेडिओवाल्यांची मदत झाली. २००१ मध्ये भूजला तेच घडलं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. टेलिफोन बंद पडले असताना त्यांच्या रेडिओवरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोचले.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण आहे. संकटात हीच वारंवारता कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असू शकते. म्हणून रेडिओ चुकीचा जोडला तर नुकसान फक्त आपल्या संचाचं होत नाही.

संगणक कशाला जोडायचा?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. रेडिओ आहे, माईक आहे, बोला की! मग संगणक कशाला? तीन उपयोग सांगतो.

पहिला उपयोग नोंदीचा. किती वाजता, कोणत्या वारंवारतेवर, कुणाशी बोललो याची नोंदवही ठेवावी लागते. संगणक जोडलेला असला तर तो वारंवारता स्वतः वाचून नोंदवतो.

दुसरा उपयोग उपग्रहांसाठी. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज उंच लागतो आणि पुढे निघून गेली की खाली येतो. हा डॉप्लर परिणाम. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारा संकेतही स्थानक जवळ येताना सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना तेवढाच खाली सरकतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी हौशी रेडिओवाल्यांसाठी खास 'हॅमसॅट' हा उपग्रह सोडला होता. अशा उपग्रहांवर बोलताना वारंवारता सारखी बदलत राहावी लागते. हे काम हाताने करण्यापेक्षा संगणक नेमकं करतो.

तिसरा उपयोग अतिशय क्षीण संकेतांसाठी. १९७४ मध्ये जोसेफ टेलर आणि रसेल हल्स या दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतला एक स्पंदक शोधला. १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्पंदक म्हणजे ज्यांच्या अभ्यासासाठी आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, ते तारे. हे टेलर स्वतः हौशी रेडिओवाले. खरखरीत दडलेला बारीक संकेत कसा ओळखायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये 'एफटी८' ही पद्धत आणली. यात संगणक आठ वेगवेगळ्या सुरांतून संदेश पाठवतो. एकेक सूर ०.१६ सेकंद, असे ७९ सूर. मुलांना गुणाकार करायला सांगा : १२.६४ सेकंद. दर १५ सेकंदांनी पाळी बदलते. कानाला नुसती खरखर ऐकू येते आणि पडद्यावर मात्र जपानचं किंवा इटलीचं सांकेतिक नाव उमटतं. आमच्या वर्गात हे पहिल्यांदा झालं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली होती.

तारा अनेक, कामं तीन

जोडणीची चित्रं पाहिली की डोकं गरगरतं. इतक्या पिना, इतके रंग! म्हणून मी मुलांना आधी शरीराची उपमा देतो.

कान : रेडिओचा आवाज संगणकात नेणारी तार.
हात : संगणकाकडून रेडिओला हुकूम देणारी तार. 'अमुक वारंवारतेवर जा', 'आत्ता कुठे आहेस ते सांग', असे हुकूम यातून जातात.
तोंड : संगणकाचा आवाज रेडिओत नेणारी तार आणि 'आता बोल' सांगणारी पीटीटीची तार. पीटीटी म्हणजे माईकवरचं दाबून बोलायचं बटण.

याच क्रमाने जोडायचं. आधी कान. तो नीट चालला की हात. सगळ्यात शेवटी तोंड. सगळ्या तारा एकदम लावल्या आणि काही बिघडलं, तर चूक कशात आहे ते कळत नाही. शिवाय तोंड आधी जोडलं तर न ऐकताच बोलण्याचा धोका. आपण वर्गात मुलांना रोज जे सांगतो, तेच हे.

पहिली पायरी : कान

जुन्या संचाच्या मागे 'डेटा' नावाची गोल सॉकेट असते, किंवा निदान हेडफोनची जागा असते. तिथून आवाज घेऊन संगणकाच्या माईकच्या किंवा लाइन-इनच्या जागेत द्यायचा. सरळ तार लावली तरी आवाज येतो, पण बरेचदा त्यात 'हूंऽऽ' अशी गुणगुण मिसळते. संगणक आणि रेडिओ वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेतात, दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि घरगुती विजेची ५० हर्ट्झची लहर त्या तारेत शिरते. मध्ये १:१ चा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावला की आवाज पलीकडे जातो आणि दोन्हीकडच्या तारा मात्र एकमेकींना चिकटत नाहीत. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज कमी-जास्त करायला असतो असं मुलांना वाटतं. दोन परिपथ वेगळे ठेवण्याचं त्याचं हे दुसरं काम इथे दाखवता येतं.

एक गोष्ट आमच्या भागातल्या सगळ्यांच्या ओळखीची. लॅपटॉपचा चार्जर, स्वस्तातली एलईडी ट्यूब, सोलरचा इन्व्हर्टर हे सगळे रेडिओत खरखर भरतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा, फरक लगेच कळतो. गावची लाईट गेली की रेडिओचा पट्टा एकदम शांत होतो. लोडशेडिंगचा एवढा एकच फायदा! संच १३.८ व्होल्टवर चालतो. त्यामुळे चार्ज केलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर काम भागतं. मात्र पूर्ण १०० वॅटवर बोलताना संच सुमारे २० अँपिअर ओढतो, म्हणून तार जाड हवी आणि फ्यूज हवाच.

दुसरी पायरी : हात

आता सिरीयल पोर्ट. सिरीयल म्हणजे एकामागून एक. शाळा सुटल्यावर अरुंद फाटकातून मुलं एकेक करून बाहेर पडतात, तसे शून्य आणि एक हे बिट एका तारेतून रांगेने जातात.

१९६० साली यासाठी आरएस-२३२ हे मानक आलं. जुन्या संगणकाच्या मागे नऊ पिनांचं जे सॉकेट दिसतं, ते हेच. गंमत म्हणजे यात 'एक' हा आकडा उणे ३ ते उणे १५ व्होल्टने दाखवतात आणि 'शून्य' अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टने. रेडिओच्या आतला परिपथ मात्र बहुधा शून्य आणि पाच व्होल्टची भाषा बोलतो. तिला टीटीएल म्हणतात. या दोघांना थेट जोडलं तर पाच व्होल्टच्या चिपला उणे बारा व्होल्ट जाऊन ती जळू शकते. म्हणून मध्ये मॅक्स-२३२ सारखी चिप लागते. पिना जुळल्या म्हणजे जोडणी जुळली असं नाही. आधी संचाची माहितीपुस्तिका उघडायची आणि तिथे आरएस-२३२ लिहिलंय की टीटीएल, ते पाहायचं.

आता नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचं सॉकेटच नसतं, यूएसबी असतं. यूएसबीची भाषा सिरीयलपेक्षा पूर्ण वेगळी. म्हणून तारेच्या एका टोकात दुभाषी चिप असते. एफटी२३२, सीपी२१०२, सीएच३४०, पीएल२३०३ ही त्या चिपांची नावं. अशी तार घेताना दुकानदाराला 'आत कोणती चिप आहे' असं विचारा आणि टोकाला आरएस-२३२ आहे की टीटीएल तेही विचारा. बाहेरून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. चिपला योग्य ड्रायव्हर मिळाला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॉम ३', 'कॉम ५' असा क्रमांक दिसतो. पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर जुळलेला नाही. शाळेत उबुंटू असेल तर वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालावं लागतं, नाहीतर पोर्ट दिसतो पण उघडत नाही.

आयसी-७३०० सारख्या २०१६ नंतरच्या संचांत दुभाषी चिप आणि साऊंड कार्ड दोन्ही आतच असतात. एकच यूएसबी तार लावली की कान, हात, तोंड सगळं जोडलं जातं. सोय मोठी, पण शिकायला जुना संच बरा. त्यात प्रत्येक तार वेगळी दिसते.

इथे मुलांचा एक गोंधळ ठरलेला. संचावर 'यूएसबी' असं बटण असतं. मुलं म्हणतात, "सर, हे दाबलं की संगणक जोडला जाईल?" नाही. ते यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, प्रक्षेपणाचा एक प्रकार. नाव एक, अर्थ दोन. तार लावली तरी ते बटण वेगळं आणि बटण दाबलं तरी तार वेगळी.

दोघांचा करार

तार जोडली, पोर्ट दिसला, तरी रेडिओ ऐकत नाही. असं का होतं? हे समजवायला घोडेगावचा जनावरांचा बाजार कामी येतो. जुने व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण त्या दोघांना पक्कं ठाऊक असतं की एक बोट म्हणजे किती. एकाने शेकड्यात मोजलं आणि दुसऱ्याने हजारात, तर सौदा तिथेच फिसकटेल.

संगणक आणि रेडिओ यांच्यातही असा करार असतो. वेग किती, म्हणजे बॉड रेट : ४८००, ९६००, १९२००, ३८४०० यांपैकी काहीतरी. एका अक्षरात किती बिट आणि शेवटी थांबायचे बिट किती. दोन्हीकडे एकच उत्तर हवं. वेग जुळला नाही तर पडद्यावर भलतीच चिन्हं येतात किंवा काहीच येत नाही. तार तुटलेली नसते, करार तुटलेला असतो.

करार जुळला की हुकूम. केनवुडच्या संचांना साध्या अक्षरांत हुकूम देता येतो :

एफए०००१४०७४०००;

(प्रत्यक्षात हे इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाईप करायचं.) 'एफए' म्हणजे पहिली वारंवारता. पुढचे अकरा अंक म्हणजे हर्ट्झमधली संख्या : १,४०,७४,०००, म्हणजेच १४.०७४ मेगाहर्ट्झ. अर्धविराम म्हणजे वाक्य संपलं. व्याकरणात अर्धविरामाने वाक्य संपत नाही, इथे संपतं, हे मुलांना फार आवडतं. एकूण अक्षरं १४. प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट, म्हणजे १४० बिट. वेग ९६०० असेल तर १४० भागिले ९६००, सुमारे ०.०१५ सेकंद. पापणी लवायच्या आत हुकूम पोचला.

आयकॉमच्या संचांची भाषा वेगळी. आयसी-७३०० ला तोच हुकूम असा जातो :

एफई एफई ९४ ई० ०५ ०० ४० ०७ १४ ०० एफडी

दोनदा एफई म्हणजे 'अहो, ऐका'. ९४ हा रेडिओचा पत्ता, ई० हा संगणकाचा. पत्रावर आधी 'प्रति' आणि मग 'प्रेषक' लिहितो तसंच. ०५ म्हणजे 'वारंवारता बदल'. शेवटचं एफडी म्हणजे 'संपलं'. मधल्या पाच जोड्या आता उजवीकडून डावीकडे वाचा : ००, १४, ०७, ४०, ००. सलग लिहिलं तर ००१४०७४०००. पुन्हा तेच १४.०७४ मेगाहर्ट्झ! लहान स्थानाचे अंक आधी, मोठ्या स्थानाचे नंतर. आपल्याकडे जुन्या गणितात 'अंकानां वामतो गतिः' म्हणत, म्हणजे अंकांची चाल डावीकडे. एकक, दशक, शतक शिकवताना हे उदाहरण जरूर द्या.

तिसरी पायरी : तोंड

इथे मी माझीच चूक सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे.

पीटीटीसाठी सिरीयल पोर्टचीच एक पिन वापरता येते. तिला आरटीएस म्हणतात. कार्यक्रमाने ती पिन 'वर' केली की एक ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर चालू होतो आणि रेडिओ बोलायला लागतो. मी जोडणी केली, तपासली, ठीक होती. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं आधीच चालू ठेवून संगणक पुन्हा सुरू केला. मी फळ्याकडे वळलो होतो. एक मुलगी म्हणाली, "सर, लाल दिवा लागलाय." रेडिओ प्रक्षेपण करत होता, आणि कुणीही काहीही दाबलं नव्हतं.

झालं असं होतं की संगणक सुरू होताना आणि ड्रायव्हर पोर्ट तपासताना ती पिन काही वेळ 'वर' जाते. रेडिओला वाटलं, हुकूम आला. नशीब एवढंच की अँटेनाच्या जागी डमी लोड लावला होता. डमी लोड म्हणजे ५० ओहमचा मोठा रेझिस्टर. रेडिओची सगळी शक्ती त्यात उष्णतेत बदलते आणि हवेत जवळपास काही जात नाही. अँटेना असती तर तेवढा वेळ त्या वारंवारतेवर आमचा निरर्थक वाहक घोंघावत राहिला असता आणि त्यावेळी कुणाचं महत्त्वाचं बोलणं चालू असतं तर ते झाकलं गेलं असतं. परवाना माझ्या नावाचा आहे, म्हणून जबाबदारीही माझीच होती. 'संगणकाने केलं' हे उत्तर चालत नाही.

तेव्हापासून वर्गाच्या भिंतीवर हे नियम लावले आहेत :

१. आधी संगणक पूर्ण सुरू होऊ द्यायचा. मग कार्यक्रम उघडायचा. रेडिओ सगळ्यात शेवटी चालू. बंद करताना उलटा क्रम, रेडिओ आधी बंद.
२. कार्यक्रमात आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही पिना कशासाठी ठेवल्या आहेत ते बघायचं. पीटीटीचा हुकूम 'हाता'च्याच तारेतून देता येत असेल तर या पिनांचा उपयोग बंद ठेवायचा.
३. नवी जोडणी नेहमी डमी लोडवर आणि कमीत कमी शक्तीवर तपासायची.
४. संगणकाचा आवाज अगदी लहान ठेवून हळूहळू वाढवायचा. संचावरचा एएलसीचा काटा हलायला लागला की आवाज जास्त झाला. जास्त आवाजाने संकेत फाटतो आणि शेजारच्यांच्या जागेत शिरतो.
५. एक जण लाल दिव्यावर लक्ष ठेवणार. दिवा नको तेव्हा लागला तर काहीही न विचारता रेडिओची वीज बंद करायची.

पाचवं काम त्या मुलीला दिलं. ती ते अजूनही मनापासून करते.

कधी कधी उलटही होतं. प्रक्षेपण सुरू केलं की संगणकाची यूएसबी अचानक तुटते किंवा माऊस गोठतो. रेडिओ लहरी तारेवरून संगणकात शिरतात. तार आखूड ठेवणं, तिच्यावर फेराइटची कडी बसवणं किंवा फेराइटच्या मोठ्या कडीतून तार तीन-चार वेळा ओवणं हा उपाय. जुन्या मॉनिटरच्या तारेवर जो गोल फुगवटा दिसतो, तो फेराइटच असतो.

वर्गात काय करता येईल?

रेडिओ नसला, परवाना नसला, तरी या तीन कृती करता येतात.

कृती १. स्वतःशी बोलणारा संगणक. आरएस-२३२ ची यूएसबी तार घ्या. नऊ पिनांच्या टोकाला पिन २ (घेणारी) आणि पिन ३ (देणारी) एका छोट्या तारेने जोडा. संगणकावर टर्मिनलचा कोणताही कार्यक्रम उघडा, 'फ्लो कंट्रोल' आणि 'लोकल इको' बंद ठेवा आणि अक्षर टाईप करा. ते तारेतून जाऊन परत येतं आणि पडद्यावर दिसतं. छोटी तार काढली की अक्षरं बंद. बिघाड तारेत आहे की रेडिओत, हे शोधायचीही हीच पहिली चाचणी.

कृती २. आपल्या गावाचा रेडिओ पत्ता. हौशी रेडिओवाले जगाचे चौकोन पाडतात. रेखांशात १८० मिळवायचे, २० ने भागायचं. भागाकारावरून पहिलं अक्षर (० म्हणजे ए, १ म्हणजे बी…), बाकीला २ ने भागून पहिला अंक. अक्षांशात ९० मिळवायचे, १० ने भागायचं. त्यावरून दुसरं अक्षर आणि उरलेल्या पूर्ण अंशांवरून दुसरा अंक. घोडेगाव ७४ ते ७६ पूर्व रेखांश आणि १९ ते २० उत्तर अक्षांश या चौकोनात येतं. करून पाहा : एमके७९. नेवासा आणि नगर शहरही याच चौकोनात. पुणे मात्र एमके६८. एफटी८ च्या संदेशात हेच चार अक्षर-अंक जातात आणि समोरच्याला नकाशावर आपलं ठिकाण कळतं.

कृती ३. हुकूम उलगडा. वर दिलेल्या दोन हुकुमांत बदल करून ७.०७४ मेगाहर्ट्झसाठी हुकूम लिहायला सांगा. (उत्तरं : एफए००००७०७४०००; आणि मधल्या जोड्या ०० ४० ०७ ०७ ००.)

प्रक्षेपण मात्र परवाना असलेल्यानेच करायचं. परीक्षेचा आणि परवान्याचा अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या पोर्टलवरून करतात. कोणत्या श्रेणीला कोणते पट्टे आणि किती शक्ती चालते, ते तिथल्या चालू नियमांत वाचून घ्या. हौशी रेडिओवर धंद्याचं बोलायचं नाही, गुप्त भाषेत बोलायचं नाही, एवढं तर मुलांना पहिल्या दिवशीच सांगावं.

पालकांसाठी दोन शब्द

"याने मार्क वाढतील का?" असं एका पालकांनी मला विचारलं. खरं सांगायचं तर थेट नाही वाढणार. पण काही महिन्यांनी त्यांच्याच ओळखीच्या डेअरीवर फॅटचा आकडा संगणकात येईना. सगळे मशीनला दोष देत होते. त्यांच्या मुलाने संगणकातला पोर्टचा क्रमांक पाहिला. यूएसबीची तार दुसऱ्या खाचेत लावल्याने 'कॉम ३' चा 'कॉम ५' झाला होता. त्याने कार्यक्रमात क्रमांक बदलला आणि पावत्या सुरू झाल्या. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक घराचा हिशेब त्या तारेवर होता. दुसऱ्या दिवशी वर्गात तो एवढंच म्हणाला, "सर, आधी कान तपासला."

स्वाध्याय

१. आरएस-२३२ मध्ये 'एक' हा बिट किती व्होल्टने दाखवतात?
२. १४ अक्षरांचा हुकूम ४८०० बॉडने पाठवायला किती वेळ लागेल? (उत्तर : सुमारे ०.०२९ सेकंद)
३. १:१ चा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलत नाही, तरी आपण तो का लावतो?
४. तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या अशा तीन यंत्रांची नावं लिहा, जी संगणकाला आकडे पाठवतात. तार कुठून निघते आणि कुठे जाते, त्याचं चित्र काढा.
५. रेडिओ जोडताना तोंड सगळ्यात शेवटी का जोडायचं? चार-पाच वाक्यांत लिहा.